टाळ्या खोट्या, पण सोलो खरा : 'एलिंग्टन ॲट न्यूपोर्ट' कसा ऐकावा

प्रश्न थोडक्यात असा आहे : "जॅझ संगीतकार आणि बँडप्रमुख ड्यूक एलिंग्टनचा सर्वांत जास्त खपलेला अल्बम म्हणजे 1956 चा 'एलिंग्टन ॲट न्यूपोर्ट'. तो लाइव्ह म्हणून विकला गेला, पण त्यातला बराच भाग स्टुडिओत वाजवून वरून टाळ्या चिकटवल्या आहेत, असं वाचलं आणि मन खट्टू झालं. ही फसवणूक नाही का? आणि आता जुनी आणि नवी अशा दोन आवृत्त्या मिळतात, त्यांतली कोणती ऐकावी?"

मी तीस वर्षांहून अधिक काळ मैफिलींचं ध्वनिमुद्रण करते आहे. बहुतेक शास्त्रीय संगीताच्या, अधूनमधून जॅझच्या. त्यामुळे हा अल्बम मी श्रोत्याच्या कानांनी जितका ऐकला, तितकाच माइक लावणाऱ्या माणसाच्या कानांनीही ऐकला आहे. आधी सरळ उत्तर देते. नवी, 1999 ची दोन सीडींची आवृत्ती ऐका. जुन्या रेकॉर्डवरच्या टाळ्यांबद्दल तुम्हाला वाटणारी चीड रास्त आहे. पण ज्या सोलोमुळे, म्हणजे एकाच वादकाने पुढे येऊन वाजवलेल्या भागामुळे, हा अल्बम गाजला, तो सोलो त्या रात्री, त्या मैदानात, त्या लोकांसमोरच वाजला होता. जुन्या रेकॉर्डवर तो नीट ऐकू येत नाही, त्याचं कारण फसवणूक नव्हे. वादक चुकीच्या माइकसमोर उभा राहिला होता.

आता हे सगळं उलगडून सांगते, कारण सोलो कुठून आला हे कळल्याशिवाय त्या माइकच्या चुकीची किंमत कळणार नाही.

'डिमिन्युएंडो इन ब्लू' आणि 'क्रेसेंडो इन ब्लू' या एलिंग्टनच्या 1937 मधल्या रचना. पहिलीत बँडचा आवाज चढ्यापासून उतरत हळू होत जातो, दुसरीत हळूपासून चढत जातो. त्या काळच्या 78 आरपीएमच्या तबकडीवर एका बाजूला तीन मिनिटांच्या आसपास संगीत मावायचं. म्हणून एक रचना एका बाजूला आणि दुसरी पलटून. ऐकणाऱ्याला मधे उठून तबकडी उलटवावी लागायची. रंगमंचावर तबकडी कोण उलटवणार? तिथे या दोन रचनांच्या मधली जागा कशाने तरी भरायला हवी होती, आणि एलिंग्टन वर्षानुवर्षं ती निरनिराळ्या प्रकारे भरत असे. 1951 मध्ये न्यूयॉर्कच्या बर्डलँड या जॅझ क्लबमध्ये त्याने ती पॉल गोन्साल्विसच्या हाती दिली होती आणि टेनर सॅक्सोफोनवरच्या त्याच्या लांबलचक सोलोने तिथले लोक पेटले होते. म्हणजे न्यूपोर्टला जे घडलं ते आभाळातून पडलेलं नव्हतं. ती युक्ती आधी एकदा लागू पडलेली होती.

मला ही गोष्ट फार आवडते. तंत्राच्या एका मर्यादेमुळे रचनेत एक फट राहिली आणि जॅझमधला एक अजरामर सोलो त्या फटीत उगवला. पुढे कोलंबिया कंपनीने 1948 मध्ये एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी तबकडी, बाजारात आणली, एका बाजूला वीस मिनिटांहून अधिक संगीत मावायला लागलं आणि चौदा मिनिटांचा हा सबंध तुकडा न तोडता छापता आला. आठ-दहा वर्षं आधी हाच सोलो वाजला असता तर तो विकण्याजोग्या रूपात लोकांच्या घरी पोहोचलाच नसता.

त्या रात्रीची परिस्थितीही माहीत हवी. दुसऱ्या महायुद्धानंतर मोठे स्विंग बँड, म्हणजे नाचाच्या ठेक्याचं जॅझ वाजवणारे वाद्यवृंद, चालवणं परवडेनासं झालं होतं. काउंट बेसीसारख्या नामांकित बँडप्रमुखालाही 1950 मध्ये आपला मोठा बँड मोडावा लागला. एलिंग्टनने मोडला नाही. आपल्या जुन्या गाण्यांच्या मानधनातून तो वादकांचे पगार भागवत राहिला. 1951 मध्ये जॉनी हॉजेससारखा त्याचा हुकमी अल्टो सॅक्सोफोनवादक बाहेर पडला आणि 1955 मध्ये परतला. त्याच 1955 च्या उन्हाळ्यात हा बँड न्यूयॉर्कजवळ पाण्यावरच्या कसरतींच्या एका तमाशाला साथ करत होता. ज्याने 1927 पासून न्यूयॉर्कचा कॉटन क्लब गाजवला, त्या माणसाला हे करावं लागत होतं. संगीतावर लिहिणारे त्याला संपलेला समजू लागले होते.

न्यूपोर्ट हे ऱ्होड आयलंड राज्यातलं समुद्राकाठचं श्रीमंतांचं गाव. तिथल्या लोरिलार्ड दांपत्याच्या पैशावर आणि जॉर्ज वीनच्या खटपटीवर 1954 पासून जॅझ महोत्सव सुरू झाला होता. 7 जुलै 1956, शनिवारची रात्र, फ्रीबॉडी पार्कचं मैदान. एलिंग्टनच्या बँडने सुरुवातीला दोन-तीन चिजा वाजवल्या, तेव्हा चार वादक वेळेवर हजरच नव्हते. मग दुसऱ्या कलाकारांची लांब रांग लागली आणि बँडला पुन्हा बोलावलं तेव्हा मध्यरात्र व्हायला आली होती. लोक उठून घरी निघाले होते. एलिंग्टन या वागणुकीवर मनापासून वैतागला होता.

कोलंबियाचा निर्माता जॉर्ज अवाकियन रेकॉर्डिंगसाठी तयार होता आणि त्याच्या आग्रहावरून एलिंग्टन आणि त्याचा सहकारी संगीतकार बिली स्ट्रेहॉर्न यांनी 'न्यूपोर्ट जॅझ फेस्टिव्हल स्वीट' हा तीन भागांचा स्वीट, म्हणजे सलग वाजवायच्या रचनांचा संच, खास लिहिला होता. खरं तर अल्बमचा मुख्य माल तोच असायचा होता. तालमी पुरेशा झालेल्या नव्हत्या. वाजवला, बरा झाला, लोकांनी बऱ्यापैकी दाद दिली. त्यानंतर आणखी दोन गाणी, आणि मग एलिंग्टनने 1937 च्या त्या जुन्या जोडीचं नाव सांगितलं आणि मधे पॉल गोन्साल्विस वाजवेल असंही सांगितलं.

पॉल गोन्साल्विस हे नाव वाचून आपल्याकडे गोव्याची आठवण येणारच. पण तो मॅसॅच्युसेट्समध्ये वाढलेला आणि त्याचं घराणं अटलांटिकमधल्या केप व्हर्डे बेटांवरचं. आडनावाचा धागा मात्र एकच, पोर्तुगीज राजवटीचा. मुंबईच्या सिनेसंगीतात ज्यांनी वाद्यवृंद बांधले ते अँथनी गोन्साल्विस गोव्यातल्या मजोर्ड्याचे, हे पॉल मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रॉकटनचे. दोन समुद्रांवरच्या दोन वसाहतींतून आलेलं एकच आडनाव दोन संगीतांत जाऊन बसलं. पुढे 1963 मध्ये अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या दौऱ्यावर एलिंग्टनचा बँड मुंबईतही वाजवून गेला.

आता सोलो. ब्लूजचं एक आवर्तन बारा मात्रागटांचं, प्रत्येक गटात चार मात्रा, म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रा. आपल्या भाषेत सांगायचं तर पहिले चार गट षड्जाच्या घरात, मग दोन मध्यमाच्या, दोन पुन्हा षड्जाच्या, मग पंचम, मध्यम आणि परत घरी. हा आराखडा बदलत नाही. ठेका धरल्यासारखा तो फिरत राहतो. गोन्साल्विसने अशी सत्तावीस आवर्तनं घेतली. सत्तावीस गुणिले बारा म्हणजे तीनशे चोवीस मात्रागट, सहा मिनिटांहून जास्त वेळ. सोबतीला जिमी वूडचा बास, सॅम वूडयार्डचे ड्रम आणि मधूनच एलिंग्टनचा पियानो. बाकी अख्खा बँड गप्प, म्हणजे वाद्यं खाली ठेवून ओरडत बसलेला.

तो काय वाजवतो हे शब्दांत सांगणं कठीण आहे, पण काय वाजवत नाही हे सांगता येतं. तो उंच किंकाळ्या मारत नाही, करामती दाखवत नाही. आवाज बऱ्याच अंशी मध्य सप्तकातला, किंचित धुरकट, वाक्यांना वाक्यं जोडलेली. एखादा कीर्तनकार आख्यानात रंगला की एका ओवीचा शेवट दुसरीच्या सुरुवातीत घालतो, तसं हा आवर्तनाच्या सीमेवर थांबत नाही, पलीकडे सरकतो. म्हणून ऐकणाऱ्याला "आता संपलं" असं म्हणायची जागाच सापडत नाही.

साधारण सातव्या आवर्तनाच्या सुमाराला पुढच्या एका बॉक्समध्ये काळ्या पोशाखातली सोनेरी केसांची एक स्त्री उठून नाचू लागली. तिच्यामागून आणखी लोक उठले. रंगमंचाच्या कडेला, प्रेक्षकांना दिसणार नाही अशा जागी, बेसीचा जुना ड्रमवादक जो जोन्स बसला होता. त्याने वर्तमानपत्राची गुंडाळी करून ठेका धरला आणि ओरडून बँडला चेतवायला सुरुवात केली. काही हजार लोक खुर्च्यांवर उभे राहिले. जॉर्ज वीनला दंगल होईल अशी भीती वाटू लागली आणि तो एलिंग्टनला थांबायच्या खुणा करू लागला.

ही झाली घडलेली हकीकत. आता माझ्या कामाचा भाग.

मैदानात दोन संस्था रेकॉर्डिंग करत होत्या. एक कोलंबिया. दुसरी व्हॉइस ऑफ अमेरिका, म्हणजे अमेरिकी सरकारचं परदेशांसाठीचं रेडिओ केंद्र. दोघांचे माइक वेगळे, दोघांचे टेपरेकॉर्डर वेगळे आणि दोन्ही रेकॉर्डिंग मोनो, म्हणजे डावं-उजवं असा भेद नसलेली. गोन्साल्विस पुढे आला आणि व्हॉइस ऑफ अमेरिकेच्या माइकसमोर उभा राहून वाजवू लागला. कोलंबियाचा माइक जवळच होता, पण सॅक्सोफोनचं तोंड त्याच्याकडे नव्हतं.

ज्यांनी माइक हाताळलेला नाही त्यांना वाटतं, थोडं इकडेतिकडे झालं तर काय बिघडतं? उघड्या मैदानात अंतर दुप्पट झालं की थेट आवाज सहा डेसिबलने घटतो. त्यात माइक एका दिशेला कान देणारा असेल, तर बाजूने येणारा आवाज आणखी पडतो, आणि पडताना त्याची धार आधी जाते. उरतो तो दूरवरून, भिंतीपलीकडून आल्यासारखा सूर. ड्रम मात्र तसेच राहतात, कारण ते सगळ्या माइकांत घुसतात. लोकांचा गलबलाही राहतो. म्हणजे मुख्य कलाकार मागे आणि बाकी जग पुढे, असं उलटं चित्र तयार होतं. ते नंतर दुरुस्त होत नाही. आवाज वाढवला की त्याच्यासोबत गलबलाही वाढतो.

माझ्यावर हा प्रसंग आला आहे. बारा-तेरा वर्षांपूर्वीची एक पहाटेची मैफल, उघड्यावर. गायिकेने द्रुत सुरू केल्यावर तबलजीकडे पूर्ण तोंड वळवलं आणि त्या मैफिलीतल्या सर्वांत सुंदर ताना तिने माइककडे पाठ करून घेतल्या. माझ्या मुख्य ट्रॅकवर त्या जवळजवळ नव्हत्याच. वाचवलं ते मागच्या तंबोऱ्यासाठी लावलेल्या माइकने. त्यात त्या ताना स्पष्ट होत्या, तंबोऱ्याच्या झंकारात गुरफटलेल्या. मी गायिकेला दोष दिला नाही, देणारही नाही. तिने त्या क्षणी माइकचा विचार केला असता तर त्या ताना आल्याच नसत्या. गोन्साल्विसबद्दलही माझं हेच म्हणणं आहे.

अवाकियनच्या हातात सोमवारी सकाळी काय होतं? तालीम कमी पडलेला स्वीट. आणि एक असा सोलो, ज्यावर लोक वेडे झाल्याचं टेपवर लख्ख ऐकू येतं, पण ज्यामुळे झाले तोच मागे पडलेला. स्वीट अशा अवस्थेत बाजारात जाऊ नये, अशी एलिंग्टनचीच इच्छा होती. 9 जुलैला न्यूयॉर्कच्या स्टुडिओत बँडला बोलावून तो पुन्हा वाजवून घेतला गेला आणि त्याला मैदानातल्याचा भास यावा म्हणून वरून लोकांचा आवाज चढवला. सोलो मात्र पुन्हा वाजवण्यासारखा नव्हताच. तो होता तसा ठेवला आणि त्याच्या आजूबाजूला टाळ्यांची, आरोळ्यांची भर घातली. जुन्या रेकॉर्डचा चाळीस टक्क्यांच्या आसपासच भाग त्या रात्रीचा आहे, असं मानलं जातं.

टाळ्या का? कारण टाळ्या हा ध्वनिमुद्रकाचा चुना आहे. त्यांत खालपासून वरपर्यंत सगळ्या पट्ट्यांचा आवाज एकदम असतो. त्याखाली टेपचा जोड लपतो, पार्श्वभूमीतला फरक लपतो, सूर दूर गेल्याचं लपतं. भिंतीचे पोपडे झाकावेत तसे. मैफिलीचं संपादन करताना खोकले, तंबोरा जुळवणं, दोन चिजांमधली शांतता मीही कापते. त्यात मला गैर वाटत नाही. पण न मिळालेली दाद मिळाल्यासारखी दाखवणं मी करणार नाही. स्टुडिओत चार भिंतींच्या आत वाजलेल्या स्वीटला हजारो लोकांची दाद लावून तो "न्यूपोर्टला" म्हणून विकला, इथे ते चुकले. मला अधिक दुःख याचं आहे की त्या सोलोला असल्या उसन्या गलक्याची गरजच नव्हती. त्याच्याभोवती खरा गलका होता आणि तो दर आवर्तनाला वाजवणाऱ्याला पुढे ढकलत होता. खोट्या टाळ्यांनी हा खरा संवाद पुसट केला. कोणती आरोळी जो जोन्सची, कोणती बाकीच्या वादकांची, कुठे लोक उठले, हे सगळं एका थरात बुडालं.

तरीही रेकॉर्ड तुफान चालली. एलिंग्टनच्या हयातीत त्याचा दुसरा कुठलाही अल्बम इतका खपला नाही. 20 ऑगस्ट 1956 च्या 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर तो झळकला. आपला जन्म न्यूपोर्टला 1956 मध्ये झाला, असं तो पुढे सांगायचा. बँडला पुढची अठरा वर्षं, म्हणजे 1974 मध्ये त्याचा मृत्यू होईपर्यंत, काम कमी पडलं नाही. त्यानंतर जे मोठे स्वीट त्याने आणि स्ट्रेहॉर्नने लिहिले, त्यांमागे या यशाचं बळ होतं.

चाळीस वर्षांनी, 1996 मध्ये, व्हॉइस ऑफ अमेरिकेची टेप वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये सापडली. तिच्यात गोन्साल्विस समोर उभा राहून वाजवतो आहे. जॅझचा अभ्यासक फिल शाप याने पुनर्प्रकाशनाचं काम हाती घेतलं आणि एलिंग्टनच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, 1999 मध्ये, संपूर्ण मैफल दोन सीडींवर आली. त्याने केलं असं की, कोलंबियाची मोनो टेप एका बाजूला आणि व्हॉइस ऑफ अमेरिकेची दुसऱ्या बाजूला ठेवून दोन्हींचा मिळून स्टीरिओ बनवला. कोणी स्टीरिओ रेकॉर्ड केलेलाच नव्हता, पण दोन वेगळ्या जागी दोन कान त्या रात्री हजर होते.

हे ऐकायला सोपं वाटतं, करायला महाकठीण. दोन टेपरेकॉर्डर कधीच अगदी एका वेगाने फिरत नाहीत. फरक एक दशांश टक्का धरा. चौदा मिनिटांच्या तुकड्यात तो पाऊण सेकंदाच्या वर जातो. आणि कानाला दिशा कळते ती सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही छोट्या फरकावरून. दोन माइकांत फूटभर अंतर असेल तर आवाज एकापेक्षा दुसऱ्याला सुमारे एक मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. म्हणजे पाऊण सेकंदाचं भरकटणं मिलिसेकंदाच्या घरात आणायचं, तेही वेग सतत बदलत असताना, नाहीतर ड्रम दोनदोनदा वाजल्यासारखे ऐकू येतात किंवा आवाज पोकळ होतो. संगणकाशिवाय हे होण्यासारखं नव्हतं. काही जाणकारांना या जोडलेल्या स्टीरिओपेक्षा जुन्या मोनोचा एकसंध घट्टपणा आवडतो, आणि त्यांचा मुद्दा मला कळतो. कोलंबियाच्या माइकांवर बँडचे पितळी वाद्यविभाग जास्त भरीव आहेत. पण गोन्साल्विससाठी मी तो घट्टपणा सोडायला आनंदाने तयार आहे.

स्टुडिओतला स्वीटही नव्या संचात वेगळा दिला आहे, स्टुडिओतला म्हणून. त्यामुळे मैदानातला आणि स्टुडिओतला पाठोपाठ ऐकता येतो. स्टुडिओतला जास्त नेटका आहे. मला मैदानातला आवडतो, पण एलिंग्टन का नाखूश होता हेही तिथे ऐकू येतं.

स्विंगच्या काळातल्या लाइव्ह अल्बमांत तुलना करायची असेल तर क्लॅरिनेटवादक आणि बँडप्रमुख बेनी गुडमनची 16 जानेवारी 1938 ची कार्नेगी हॉलमधली मैफल घ्या. तिचं रेकॉर्डिंग बाजारात आणायच्या हेतूने झालं नव्हतं आणि ते 1950 मध्ये प्रसिद्ध झालं. तिथे कोणी काही चढवलं नाही, कारण कोणाच्या डोक्यात अल्बमच नव्हता. न्यूपोर्टला अल्बम आधीपासून डोक्यात होता. गुडमनच्या रेकॉर्डमधला निवांत खरेपणा मला यातूनच आलेला वाटतो.

आता ऐकण्याबद्दल. नव्या संचातली पहिली सीडी सुरुवातीपासून लावा. सरळ सोलोवर उडी मारू नका. अपुऱ्या बँडचा आरंभ, मग मध्यरात्रीचा थकवा, स्वीटला मिळालेली सभ्य दाद, हे सगळं कानांत साठू द्या. मग 'डिमिन्युएंडो' सुरू झालं की सॅम वूडयार्डच्या ड्रमकडे लक्ष ठेवा. तो सबंध वेळ एक चाल सोडत नाही, आणि गोन्साल्विस निर्धास्त असतो तो त्याच्या जिवावर. सोलो सुरू झाल्यावर आवर्तनं बोटांवर मोजायला घ्या. दहाच्या पुढे बहुतेकांची मोजणी सुटते. सुटू द्या.

सत्ताविसावं आवर्तन संपल्यावर एलिंग्टन पियानोवर दोन आवर्तनं घेतो, आणि मग 'क्रेसेंडो' सुरू होऊन अख्खा बँड थराथराने चढत जातो. शेवटी कॅट अँडरसनचा ट्रंपेट सगळ्यांच्या वर जाऊन बसतो. ते थांबल्यावर सीडी थांबवू नका. पुढचा गदारोळही पूर्ण ठेवला आहे. मैफल आटोपती घ्यावी म्हणून आयोजक मागे लागलेले, लोक जायला तयार नाहीत, आणि एलिंग्टन माइकवर येऊन शांतपणे जॉनी हॉजेसला पुढे बोलावतो. हॉजेसचा तो संथ, मधाळ अल्टो त्या बेभान मैदानावर पसरतो आणि मैदान ऐकू लागतं. जुन्या एलपीवर मैफलीतला हा क्रम नाहीच.

शेवटी एक प्रयोग करा, हेडफोन लावून. सोलो चालू असताना आधी एक बाजू पूर्ण बंद करून ऐका, मग दुसरी. एका बाजूला गोन्साल्विस इतका जवळ आहे की त्याचा श्वास आणि पानाची, म्हणजे रीडची, खरखर जाणवते. ती व्हॉइस ऑफ अमेरिकेची टेप. दुसऱ्या बाजूला तो चार पावलं लांब, गर्दीच्या पलीकडे आहे. 1956 मध्ये रेकॉर्ड विकत घेणाऱ्यांना एवढाच ऐकू आला होता, आणि तरी त्यांनी ती झिजेपर्यंत वाजवली.